जहाजावरची आग आणि व्हेंटिलेशन ऑटोमेशन: पीएलसी पुरेल का?

प्रश्न: मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आगीच्या वेळी जहाजाचं व्हेंटिलेशन आपोआप चालवणाऱ्या यंत्रणांवर काम करायचं आहे. पीएलसीचा (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचा) कोर्स पुरेसा आहे का?

उत्तर: नाही. पीएलसी यायलाच हवं, पण पंखा कधी थांबवायचा आणि कधी मुद्दाम चालवायचा, हे आधी समजून घे.

इंजिन रूममध्ये आग भडकली की पंखे थांबवायचे, डँपर (हवेच्या वाटेतल्या झडपा) बंद करायचे, माणसं बाहेर आल्याची खात्री करायची आणि मगच कार्बन डायऑक्साइड सोडायचा. सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांनुसार ठरलेल्या वायूपैकी 85 टक्के वायू 2 मिनिटांत आत गेला पाहिजे. अशा वेळी फनेलचा (जहाजाच्या धुराड्याचा) एखादा फ्लॅप उघडा राहिला तर वायू वर निसटतो, ताजी हवा आत येते आणि आग पुन्हा पेट घेते. प्रवासी जहाजाच्या एट्रियममध्ये (अनेक मजले उंच मोकळ्या दालनात) मात्र धूर बाहेर ओढायचा असतो. तिथले पंखे संपूर्ण जागेतली हवा 10 मिनिटांत किंवा त्याआधी बाहेर काढू शकतील एवढ्या क्षमतेचे लागतात.

एका डिटेक्टरच्या सिग्नलवर इंजिन रूमचे पंखे थांबवणारं लॉजिक लिहू नकोस. एक्झॉस्टच्या किरकोळ गळतीनेही तो वाजतो. चालू इंजिन हवा त्याच खोलीतून ओढतं. ती अचानक तोडली तर आत दाब घसरतो, दारं उघडेनाशी होतात आणि अरुंद खाडीत जहाजाची ताकद जाते. म्हणून एका डिटेक्टरवर फक्त अलार्म, दोन डिटेक्टरांनी खात्री दिल्यावर ऑपरेटरला सूचना, आणि अंतिम बटण माणसाच्या हाती. शिवाय पंखे त्या जागेच्या बाहेरूनही बंद करता आले पाहिजेत.

दुसरी फसगत फीडबॅकची. डँपर बंद झाला का हे कळवणारा लिमिट स्विच, डँपर फिरवणाऱ्या ॲक्चुएटरच्या शाफ्टवर बसवला आणि दोघांना जोडणाऱ्या लिंकेजची पिन निसटली, तर पडद्यावर 'बंद' दिसतं, पण डँपरचं पातं अर्धं उघडं असतं. खाऱ्या हवेत गंजून पातं अडकलं तरी हेच घडू शकतं. स्विच पात्याच्या शाफ्टवरच हवा.

प्रोजेक्टसाठी एक छोटी पेटी घे: दोन पंखे, स्प्रिंग-रिटर्न डँपर, दोन स्मोक डिटेक्टर, एक तापमान सेन्सर. वीज तोडल्यावर डँपर स्प्रिंगने पूर्ण बंद होतो का, किती सेकंदांत, ते मोजून नोंदव. मुलाखतीत ही नोंदवही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

पुढे दोन वाटा आहेत. समुद्रावर जायचं असेल तर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरची (जहाजावरची विद्युत आणि नियंत्रण यंत्रणा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) पात्रता घे. तिची मानकं एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियम 3/6 मध्ये आहेत. किनाऱ्यावर राहायचं असेल तर शिपयार्डच्या कमिशनिंग टीममध्ये (नव्या यंत्रणा तपासून सुरू करून देणाऱ्या गटात) सुरुवात कर. डँपर प्रत्यक्ष हाताळायला तिथे सर्वात जास्त मिळतात, म्हणून माझा कल त्या बाजूने आहे.