सगळ्या इंटर्नल लिंकना एकच कीवर्ड लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा: 'सायकलची चेन साफ करणे' हा लेख गूगलच्या निकालांत वर यावा म्हणून साइटवरच्या सगळ्या जुन्या लेखांतून याच शब्दांत इंटर्नल लिंक (आपल्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारी) द्यायची का, आणि दिली तर गूगल दंड करेल का?

दंडाचं आधी डोक्यातून काढा. ही धास्ती 2012 च्या पेंग्विन अपडेटपासूनची, म्हणजे गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या एका बदलापासूनची आहे आणि त्याचा रोख होता बाहेरच्या साइटवरून जमवलेल्या बनावट लिंकांवर. तुमच्या मेनूतली लिंक तर प्रत्येक पानावर त्याच शब्दांत असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

अँकर टेक्स्टला, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते त्यांना, वजन मात्र आहे. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या 1998 च्या शोधनिबंधातच लिहिलंय की लिंकचे शब्द ती ज्या पानाकडे जाते त्या पानाच्याही खात्यात जमा होतात. म्हणजे 'इथे क्लिक करा' लिहिलंत तर त्या खात्यात शून्य. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसत्या लिंकांची यादी ऐकणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही.

आता शब्द कसे निवडायचे? पावसाळ्यातल्या देखभालीच्या लेखात 'चिखलातून आल्यावर चेन कशी धुवायची ते पाहा' असं वाक्य असेल, तर 'चेन कशी धुवायची' एवढ्यालाच लिंक द्या. गिअर अडकण्यावरच्या लेखात तीच लिंक 'चेनमध्ये साचलेली घाण' या शब्दांवर येईल. वाक्य जसं मागेल तसे शब्द आपोआप बदलतात, त्यासाठी कुठले शब्द किती वेळा वापरायचे याचा वेगळा तक्ता करत बसू नका. (लोक करतात, टक्केवारीसकट!) ओढूनताणून कीवर्ड घुसवलेलं वाक्य वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

खरा घोळ होतो तो एकाच अँकरने दोन वेगळ्या पानांकडे लिंक दिल्यावर. 'चेन साफ करणे' एकदा लेखाकडे आणि एकदा क्लीनरच्या विक्रीपानाकडे गेलं, तर मुख्य पान कुठलं याचा उलटसुलट इशारा तुम्हीच देताय. विक्रीपानाला 'चेन क्लीनर' म्हणा, विषय मिटला.

चित्राला लिंक दिली असेल तर त्याचा ऑल्ट टेक्स्ट (कोडमध्ये दिलेलं चित्राचं वर्णन) हाच अँकर धरला जातो, तो रिकामा ठेवू नका. आणि पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये लिंक एचरेफ (जिथे जायचं तो पत्ता) असलेल्या साध्या ए टॅगमध्येच हवी. ऑनक्लिकवर, म्हणजे क्लिक केल्यावर स्क्रिप्टने चालणारं बटण माणसाला दिसतं, पण क्रॉलर (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) त्यावरून पुढे जाईलच असं नाही.

सुरुवात सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या लिंक्स रिपोर्टपासून करा. ज्या महत्त्वाच्या पानांना जेमतेम एखाददुसरी इंटर्नल लिंक आहे ती आधी हातात घ्या, शब्दांचा कीस नंतर पाडू.