"काका, याला निळा कागद का लावलाय?"

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "ताई, माझा जिवलग मित्र सहा वर्षांपूर्वी अचानक गेला. कॉलेजात आम्ही पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका एकत्र केल्या. मी काम करायचो, तो लाइट्स सांभाळायचा. त्याची मुलगी आता आठवीत आहे. परवा तिला माळ्यावर त्याचा जुना टॉर्च सापडला. 'काका, याला निळा कागद का लावलाय?' असं तिनं विचारलं आणि माझा गळाच दाटून आला. 'नंतर सांगतो' म्हणून उठून निघालो. तिला या आठवणी सांगाव्यात का? तिची जखम पुन्हा उघडी पडेल, वहिनींना त्रास होईल, अशी भीती वाटते."

दादा,

सांगा. आणि सुरुवात त्या टॉर्चपासूनच करा. बाबा कसा गेला, हे तिनं विचारलेलंच नाही. ते ती जाणते. तिनं निळ्या कागदाचं विचारलंय आणि त्याचं उत्तर कदाचित तुमच्याशिवाय कुणाकडे नसेल. अंधारात क्यू, म्हणजे कुठला लाइट कधी बदलायचा त्या खुणा, वाचायच्या, पण उजेड प्रेक्षकांपर्यंत जाता कामा नये, म्हणून टॉर्चच्या तोंडाला जिलेटिन, म्हणजे तो रंगीत पारदर्शक कागद, गुंडाळायचं. एवढं सांगायला लागलात की तो कागद त्यानं कुठून पैदा केला, कुठल्या क्यूला त्याचा हात कापायचा, सगळं आपोआप येईल.

त्याआधी मात्र एक करा. तुम्ही उठून गेलात, तेव्हा बाबाचा विषय काढला की माणसं निघून जातात, असं तिच्या मनात बसलं असेल. "मला रडू येत होतं गं, म्हणून पळालो. तू काही चुकीचं विचारलं नव्हतंस," असं तिला स्पष्ट सांगा. सांगताना पुन्हा रडू आलं तर येऊ द्या. या वेळी फक्त उठू नका.

माझे वडील मी सातवीत असताना गेले. भेटेल तो म्हणायचा, "देवमाणूस होते." मी मान डोलवायचे, पण त्या शब्दांतून वडील काही दिसायचे नाहीत. मग त्यांच्या ऑफिसातल्या एका काकांनी सांगितलं, की ते डबा उघडण्याआधी नुसत्या वासावरून भाजी ओळखायची पैज लावायचे आणि हरले की सगळ्यांना चहा पाजायचे. बहुतेक वेळा हरायचेच! त्या दिवशी मला माझे वडील परत मिळाले, निदान जेवणाच्या सुट्टीपुरते तरी.

म्हणून "फार चांगला होता" यावर थांबू नका. चुकलेला ब्लॅकआउट सांगा, तालमीतली भांडणं सांगा, तुमच्यातला अबोला किती दिवस टिकला तेही सांगा. तिच्या वयाला न पेलणारं असेल ते राहू द्या, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. आणि "तू अगदी बाबासारखी आहेस", "बाबा असता तर त्याला हे आवडलं नसतं" ही वाक्यं टाळाच. आठवण ऐकायला आलेल्या पोरीच्या खांद्यावर ओझं कशाला ठेवायचं?

वहिनींना आधी एक फोन करा. परवानगीसाठी नव्हे, त्यांच्या कानावर हे अवचित पडू नये म्हणून. त्या शेजारी येऊन बसतील किंवा उठून आत जातील. दोन्ही त्यांच्यावर सोडा.

तिला आवडलं, तर ऑगस्टमध्ये करंडकाच्या प्राथमिक फेरीला भरत नाट्य मंदिरात घेऊन जा. १९६३ साली सुरू झालेली ही स्पर्धा तुम्हा दोघांच्या तरुणपणाचं घरच. "अरे आव्वाज कुणाचा" या आरोळीनं थिएटर दणाणतं, तेव्हा तिला तुम्ही कुठल्या रांगेत उभं राहून ओरडायचात ते दाखवा. मग अंधार होईल. तेवढ्या वेळात तिला काहीच सांगू नका, बघू द्या.

पण ऑगस्टची वाट बघू नका. या रविवारीच जा, आणि जाताना त्या टॉर्चसाठी दोन नवे सेल घेऊन जा.

— ताई