वाचक विचारतात : समुद्राकाठचा परकोट

गेल्या अंकात कोलंबिया देशातील कार्ताहेना या जुन्या स्पॅनिश शहराची काही छायाचित्रे आम्ही छापली होती. त्यानंतर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी त्या शहरात आठ दिवस राहून आलो असल्याने हे काम संपादकांनी माझ्याकडे सोपविले आहे.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक असून माझे वय 66 आहे. मुलगा ह्यूस्टनला नोकरीस आहे. या हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे दोन महिन्यांसाठी जात आहोत आणि जानेवारीत तो आम्हाला चार दिवस कार्ताहेनाला नेणार आहे. गावातील मंडळी म्हणतात की भिंतीच पाहायच्या तर चांदा-अमरावतीच्या काय वाईट आहेत? तेथे नेमके काय पाहावे, माझ्या पत्नीला गुडघेदुखी असताना ते झेपेल काय आणि आम्ही दोघेही माळकरी असल्याने जेवणाची सोय होईल काय?

उत्तर : गुरुजी, गावकऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. निघण्यापूर्वी एखाद्या दुपारी अमरावतीला जाऊन जवाहर गेटपासून परकोटाच्या कडेने थोडे चालून या. पेंढाऱ्यांच्या धाकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला तो काळ्या दगडाचा परकोट डोळ्यांत साठवून जो कार्ताहेनाला जातो, त्याला तेथील तटापुढे उभे राहताच फरक कळतो. आपला परकोट घोडेस्वार अडविण्यासाठी उंच बांधला आहे, तर तेथील तट जहाजांवरच्या तोफांचे गोळे पोटात घेण्यासाठी रुंद बांधला आहे. काही बुरुजांच्या माथ्यावर बैलगाडी सहज वळविता येईल, एवढी त्याची रुंदी आहे.

दुसरा फरक हाताला कळतो. तो दगड काळा नाही, पिवळट करडा आहे, आणि जवळ जाऊन पाहिल्यास त्यात शंखशिंपल्यांचे आणि प्रवाळाच्या जाळीचे ठसे स्पष्ट दिसतात. आसपासच्या समुद्रातला प्रवाळदगड कापून आणि चुन्यात बसवून हा तट रचला गेला. मी पहिल्या दिवशी सांजवेळी त्या भिंतीवर तळहात ठेवला, तेव्हा ती दिवसभराच्या उन्हाने अजून ऊन होती आणि बोटांना जळालेल्या विटेसारखा खरखरीतपणा लागत होता. आपण दगडाच्या नव्हे, तर समुद्राच्या हाडांच्या भिंतीला टेकलो आहोत, असे तेव्हा मला वाटले आणि ती भावना आठही दिवस गेली नाही.

शहर वसविले पेद्रो दे एरेदिया याने, 1 जून 1533 रोजी. दक्षिण अमेरिकेतील संपत्ती स्पेनला नेणारे जहाजांचे तांडे या बंदरात मुक्काम करीत, त्यामुळे लुटारूंची नजर त्याच्यावर पडणे अटळ होते. 1586 मध्ये फ्रान्सिस ड्रेक या इंग्रजाने शहर काबीज केले, त्याचा काही भाग जाळला आणि 1,07,000 डुकाट (त्या काळचे युरोपीय चलन) एवढी खंडणी घेऊनच तो परत गेला. या अपमानानंतर स्पेनच्या राजाने बाउतिस्ता आंतोनेल्ली या इटालियन अभियंत्याला तटबंदीचा आराखडा करण्यास पाठविले. ते काम थांबत, मोडत आणि पुन्हा सुरू होत तब्बल दोनशे वर्षे चालले आणि 1796 मध्ये आंतोनियो दे आरेवालो या अभियंत्याच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. तेव्हा तटाची एकूण लांबी सुमारे 11 किलोमीटर होती. पुढे शहर वाढले तेव्हा लोकांनीच तिचा बराच भाग पाडून टाकला. उरलेला तट, किल्ले आणि बंदर यांना 1984 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या आरेवालोचे एक काम मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि मला स्वतःला तेच सर्वांत थोर वाटते. कार्ताहेनाच्या खाडीला दोन तोंडे आहेत : मोठे ते बोकाग्रांदे आणि लहान ते बोकाचिका. मोठ्या तोंडावर त्याने 1770 च्या दशकात पाण्याखाली दगडी बांध घातला, त्यामुळे खोल बुडाची जहाजे तेथून आत येईनात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी तोफा रोखलेल्या अरुंद बोकाचिकातूनच यावे लागे. वावरात शिरणाऱ्या गुरांच्या सगळ्या वाटा काट्यांनी बुजवून एकच फाटक मोकळे ठेवावे, तसा हा विचार आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

हा बांध घालण्याची बुद्धी सुचली ती 1741 च्या वेढ्यानंतर. त्या वर्षी एडवर्ड व्हर्नन हा इंग्रज सेनानी सुमारे 186 जहाजे आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे घेऊन आला. शहरात लढणारे तीन-चार हजारच होते आणि त्यांच्या आरमाराचा प्रमुख होता ब्लास दे लेसो, ज्याचा एक पाय आणि एक डोळा पूर्वीच्या लढायांत गेला होता आणि एक हात निकामी झाला होता. सुरुवातीच्या यशावर विसंबून लंडनमध्ये विजयाची पदकेही पाडली गेली, ज्यांवर लेसो गुडघे टेकून शरण आलेला दाखविला आहे. प्रत्यक्षात सान फेलिपे किल्ल्यावरचा हल्ला फसला, पीतज्वराने (यलो फीव्हरने) इंग्रजांच्या छावण्या ओस पाडल्या आणि व्हर्ननला मागे फिरावे लागले. लेसो मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात या शहरातच मरण पावला. त्याचा पुतळा सान फेलिपेच्या पायथ्याशी उभा आहे.

आता वहिनींच्या गुडघ्यांविषयी. तटाच्या आतील शहर जवळजवळ सपाट आहे आणि तटावर जाण्यासाठी अनेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतरत्या घडणीचे चढ आहेत, कारण त्यावरून तोफा ओढून न्यायच्या असत. त्यामुळे तट त्यांना खुशाल झेपेल. सान फेलिपे किल्ल्याचा चढ मात्र खडा आहे, वर सावली नाही आणि त्यातील भुयारे बुटकी व अंधारी आहेत. तेथे सकाळी दार उघडताच जावे. वहिनींनी वाटल्यास पहिल्या टप्प्यावर बसून राहावे, आपण मात्र भुयारात अवश्य उतरावे आणि एका टोकाला मुलाला उभे करून दुसऱ्या टोकाशी त्याची पावले ऐकावीत. शत्रूची चाहूल लागावी म्हणून आवाज दूरवर वाहून नेणारी ही रचना आजही तितकीच चोख आहे.

उन्हाविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या माणसाला तेथील एकतीस-बत्तीस अंश किरकोळ वाटतात आणि तेथेच तो फसतो. आपले ऊन कोरडे असते, डोक्याला दुपट्टा बांधला आणि माठाचे पाणी प्यायले की निभते. तेथील हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि तासाभरात अंगातले त्राण जाते. अकरा ते चार खोलीत राहावे. जानेवारीत पाऊस नसतो आणि सायंकाळी समुद्रावरून जोराचा वारा येतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेचारलाच पश्चिमेच्या बुरुजांवर जाऊन बसावे.

जेवणाची सोय होते, परंतु ती बोलून करून घ्यावी लागते. तेथे ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय असे सांगितले, तर पुष्कळदा कोंबडी किंवा मासे घातलेले ताट पुढे येते, कारण त्यांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे प्रामुख्याने गाईचे मांस. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे तिन्ही शब्द उच्चारावेत. राजम्यासारख्या डाळी डुकराच्या मांसासह शिजविण्याची तेथे रीत आहे, तेव्हा तेही विचारून घ्यावे. नारळाच्या दुधात शिजविलेला किंचित गोड भात, कच्ची केळी तळून, चेपून आणि पुन्हा तळून केलेले पाताकोनेस, पपई, आंबा आणि अननस यांवर चार दिवस आनंदाने निघतात. ‘आरेपा दे ह्युएवो’ नावाच्या मक्याच्या तळलेल्या पुरीत अंडे असते, ती टाळावी. मुलाला स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यायला सांगितल्यास वहिनींची काळजी निम्मी होईल.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातून महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी आहे. आपल्या छायाचित्रात रंगीत घोळदार झगे घालून डोक्यावर फळांची घमेली घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. त्या कोण, आणि स्पेनच्या शहरात त्या कशा आल्या?

उत्तर : बेटी, हा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण छायाचित्राखाली आम्ही त्यांच्याविषयी एक ओळही लिहिली नव्हती आणि ती आमची चूक होती. त्यांना ‘पालेंकेरा’ म्हणतात. कार्ताहेनापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर सान बासिलिओ दे पालेंके नावाचे गाव आहे आणि त्या मूळच्या तेथल्या.

कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या विक्रीचे एक प्रमुख बंदर होते. घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या दरवाजातून आत शिरले की जो चौक लागतो, त्याला आज घोडागाड्यांचा चौक म्हणतात. त्याच चौकात माणसांचा बाजार भरत असे. चौकाच्या एका बाजूच्या कमानींखाली आता नारळाच्या वड्या आणि चिंचेचे गोळे विकायला असतात. तेथे उभे राहून वडी खाताना माझ्या घशाखाली घास उतरेना. वरच्या पत्रात ज्या तटाचे मी इतके कौतुक केले, तो तट उचलून रचणारे हातही बहुतांशी याच बाजारात विकले गेलेले होते, आणि तट पाहणाऱ्या प्रत्येकाने या चौकात निदान अर्धा तास काढला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

तेथून काही पावलांवर पेद्रो क्लावेर यांच्या नावाचे चर्च आहे. हे स्पॅनिश धर्मगुरू 1610 मध्ये येथे आले आणि 1654 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. जहाज खाडीत येताच ते होडीतून पाणी, फळे, औषधे आणि आफ्रिकी भाषा जाणणारे दुभाषे घेऊन जात आणि कोंदट तळघरात उतरून आजाऱ्यांच्या जखमा धूत. स्वतःला ते गुलामांचा गुलाम म्हणवीत. मुख्य वेदीखाली काचेच्या पेटीत त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. परंतु या चांगल्या माणसाची गोष्ट सांगताना बाजार थांबला नव्हता हे विसरून चालत नाही. कोलंबियात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1851 च्या कायद्याने, म्हणजे क्लावेर गेल्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

सगळे मात्र वाट पाहत बसले नाहीत. काही पळाले आणि दलदलीच्या, झाडीच्या मुलखात काटेरी कुंपणे घालून त्यांनी आपली गावे वसविली. ‘पालेंके’ म्हणजे तसे कुंपण घातलेली वस्ती. पळालेल्यांचा एक पुढारी बेंकोस बियोहो याच्याशी सरकारने आधी तह केला आणि नंतर 1621 मध्ये त्याला कार्ताहेनात फासावर दिले. तरीही पालेंके टिकले, आणि तेथील माणसे स्पॅनिश आणि आफ्रिकेतील बांटू भाषांच्या मिलाफातून झालेली स्वतःची भाषा आजही बोलतात. पळून जाण्याच्या वाटा बायका केसांच्या वेण्यांत गुंफून ठेवीत, असे तेथील लोक सांगतात. 2005 मध्ये युनेस्कोने या गावाच्या संस्कृतीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले.

एका पालेंकेरेजवळ मी बराच वेळ थांबलो. तिने कापडाचा पिळा गोल वळून डोक्यावर ठेवला आणि त्यावर घमेले चढविले. ती आपली चुंबळच होती, विहिरीवरून घागर आणणाऱ्या माझ्या आईच्या डोक्यावर असायची तशीच. तिच्याकडे ‘आलेग्रिया’ नावाचे लाडू होते : बाजरीसारख्या धान्याच्या लाह्या, नारळ आणि गूळ. आलेग्रिया म्हणजे आनंद. पाटी डोक्यावर घेऊन आनंद विकीत जाणाऱ्या त्या स्त्रीला पुढे उभे करून लोक भराभर छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. तू कधी गेलीस तर आधी विचार, मग पैसे दे, आणि शक्य असेल तर तिच्याकडून काही विकत घे.

घड्याळाच्या मनोऱ्याबाहेरचा हेत्सेमानी हा भागही पाहण्यासारखा आहे. कारागीर, कष्टकरी आणि मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे लोक तेथे राहत, आणि 11 नोव्हेंबर 1811 रोजी स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर करायला शहराच्या कारभाऱ्यांना भाग पाडले ते याच वस्तीने. 1815 मध्ये स्पेनने पुन्हा वेढा घातला, तेव्हा साडेतीन महिन्यांत हजारो माणसे उपासमारीने मेली. शत्रूला बाहेर ठेवणाऱ्या भिंतींनी त्या वेळी भाकरही बाहेरच ठेवली.

प्रश्न : आम्ही चिखली तालुक्यातील चार मित्र भारतातूनच तेथे जाऊ इच्छितो. व्हिसा व लस यांविषयी सांगावे.

उत्तर : भारतीय पारपत्रधारकांना कोलंबियाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा युरोपातील शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असल्यास सवलत मिळते, परंतु हे नियम बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतील कोलंबियाच्या दूतावासाकडे खात्री करावी.

लसीकडे अधिक लक्ष द्यावे. कोलंबिया हा पीतज्वराचा देश मानला जातो आणि तेथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याजवळ पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवता येते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठ वर्षांवरील व्यक्तींनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, आणि हे वाक्य दारव्ह्याच्या गुरुजींनीही वाचावे. ते कोलंबियातून ह्यूस्टनला परतून पुढे बरेच दिवस तेथे राहणार असल्याने भारतात उतरताना त्यांना कार्डाची अडचण येऊ नये, परंतु लस घ्यावी की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. तुम्ही चौघांनी मात्र कार्ड पारपत्राच्या मुखपृष्ठाच्या आत ठेवावे, सामानात नव्हे.