वाचकांचे प्रश्न: नांदेडचे हुजूर साहिब

प्रश्न : पंजाबातल्या गुरुद्वारांत निरांजनाची आरती दिसली नाही, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात मात्र आरती होते, शस्त्रांना स्नानही घालतात. एकाच धर्मात हा फरक कसा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सुरुवात साताऱ्यापासूनच करू. जानेवारी १७०८ मध्ये अजिंक्यताऱ्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच साली मुघल बादशहा बहादूरशहा धाकट्या भावावर, कामबक्षावर, चालून दक्षिणेत उतरला आणि शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजीही त्या वाटेने नांदेडला आले. बैरागी माधोदास, म्हणजे पुढचा शीख सेनानी बंदा बहादूर, त्यांना इथेच भेटला. ऑक्टोबर १७०८ मध्ये, देह ठेवण्याआधी, यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ साहिब हाच गुरू, असे गोविंदसिंगजींनी सांगितले. अंत्यसंस्कार झाले ती जागा म्हणजे गाभाऱ्यातले अंगीठा साहिब. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक.

आता फरकाचे कारण. पंजाबात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंग सभेची सुधारणा चळवळ झाली. पुढे १९४५ मध्ये तिथल्या गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी समितीने आचारसंहिता मंजूर केली आणि दिव्यांची आरती त्यातून वगळली. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने इथला कारभार वेगळ्या मंडळाकडे गेला. त्यामुळे जुनी वहिवाट इथे टिकली, बाहेरून उसनी आणलेली नव्हे. रोज पहाटे गोदावरीच्या पाण्याची गागर, म्हणजे घागर, येते. ग्रंथ साहिबाशेजारी दशम ग्रंथाचाही, म्हणजे दहाव्या गुरूंच्या नावच्या ग्रंथाचाही, प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडतात. संध्याकाळच्या आरतीनंतर गुरूंची शस्त्रे भाविकांना दाखवतात. दिवाळीच्या तख्तस्नानाला हीच शस्त्रे गोदावरीच्या पाण्याने धुऊन निघतात. आपल्याकडे खंडेनवमी पाहिलेल्याला हे परके वाटणार नाही. दसऱ्याला आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी ‘हल्ला’ निघतो. त्यात गुरूंचा घोडा सजवून नेतात, पण त्यावर कोणी बसत नाही. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की तलवारी उपसलेला जमाव धाव घेतो. त्या वेळी लेकरांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहू नये.

आणखी एक. ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. तिथे त्यांना ‘भगत नामदेव’ म्हणतात, एवढाच फरक.

प्रश्न : तिथला कडाह प्रसाद घरी केला, तर गुठळ्या झाल्या आणि टाळूला चिकटला. काय चुकले? (एक वाचक, विटा)

उत्तर : शिऱ्याच्या सवयीने केलात. इथे रवा नाही, जाडसर कणीक लागते. आणि कणीक, तूप, साखर तिन्ही वजनाने सारखी. २५० ग्रॅम कणकेला २५० ग्रॅम तूप, तेवढीच साखर आणि पाऊण लिटर पाणी. तूप पाहून हात आखडलात की बिघडलेच. साखर-पाणी वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवा. लोखंडी कढईत तुपावर कणीक मंद आचेवर, बदामी होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजा. टाळूला चिकटतो तो कच्च्या कणकेने. गुठळ्या होतात गार पाक एकदम ओतल्याने. म्हणून उकळता पाक थोडाथोडा घाला, हात लांब ठेवा, कारण तो उसळतो. गोळा कढई सोडू लागला आणि कडेने तूप सुटले की उतरवा. गुरुद्वारात अरदासीनंतर त्याला कृपाण लावतात, मगच वाटप होते. घेताना बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा.

प्रश्न : सांगलीहून जायचे कसे, सोबत काय न्यावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, परळी, परभणी असा लोहमार्ग नांदेडला पोचतो. गाड्यांचे वार आधी पाहून घ्या. डोके झाकायला मोठा रुमाल हवा, टोपी चालत नाही. विडी, तंबाखू, गुटखा खिशातही नको. हा नियम शिखांत फार कडक आहे. लंगरात, म्हणजे गुरुद्वारातल्या सामुदायिक जेवणात, पंगतीला बसा आणि लागेल तेवढेच घ्या.