लेकाला पास करायच्या नादात

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझा प्रश्न असा: नवऱ्याची अमेरिकेत बदली झालीय, दोन महिन्यांत निघायचंय, मुलगा 20 महिन्यांचा आणि मोजून पाच शब्द बोलतो. स्पीच थेरपीचं निघायच्या आधी काही करावं की तिकडे पोचल्यावर बघावं, आणि आतापासून घरात इंग्रजीच सुरू करावं का?

व्हिसा, विमा, सामान हे कुठेही वाचायला मिळेल, त्यात मी पडत नाही. तुझा प्रश्न वाचला आणि हातातली भांडी तशीच टाकून लिहायला बसले. माझा मुलगा 21 महिन्यांचा असताना अगदी हाच प्रश्न घेऊन मी इथे उतरले होते.

आधी कामाचं. 3 वर्षांखालच्या मुलांसाठी इथे 'अर्ली इंटरव्हेन्शन' नावाची सोय आहे, सगळे ईआय म्हणतात. 1986 पासून ती केंद्राच्या कायद्यात आहे, पण राबवतं प्रत्येक राज्य आपापल्या तऱ्हेने. मूल किती मागे असलं म्हणजे पात्र, ही रेषाही राज्यागणिक वेगळी. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईने स्वतः फोन केला तरी चालतो. हे मला कोणी सांगितलंच नाही. आमच्या डॉक्टरांनी 'मुलगे उशिरा बोलतात, त्यात घरात दोन भाषा, थोडं थांबू' म्हणून पाठवलं आणि मी खूश होऊन घरी आले. खूश! पुढे महिन्याभराने शेजारच्या एका बाईकडून ईआयचं नाव कळलं.

फोन केल्यापासून 45 दिवसांत त्यांनी तपासणी उरकून, मूल पात्र ठरलं तर आयएफएसपीची, म्हणजे लेखी योजनेची, बैठक घ्यायची असते. तपासणीला पैसे पडत नाहीत. पुढच्या थेरपीला काही राज्यांत उत्पन्न बघून थोडेफार द्यावे लागतात. तुझ्या मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला 16 महिने आहेत. त्यातले दोन बांधाबांधीत जाणार, दीडेक तपासणीत. म्हणून पत्ता हातात आला की त्याच आठवड्यात फोन कर, सोफा नंतर घे.

दोन भाषांमुळे मूल बोलायचं राहतं हे खरं नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजतात, आणि कुत्रा दिसला की दरवेळी 'भू' म्हणत असेल तर तोही शब्दच. तपासणी शक्यतो घरच्या भाषेत व्हावी असं कायदाच म्हणतो, दुभाषी मागता येतो. मी मागितला नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं तर फणकाऱ्यानेच म्हणाले, माझं इंग्रजी चांगलं आहे. जसं काही तपासणी माझ्या इंग्रजीचीच होती.

आता जे सांगायला खरं म्हणजे बसले ते.

तपासणीला दोघीजणी घरी आल्या. तीन महिन्यांत आमच्या दारात आलेली ती पहिली माणसं. आदल्या आठवडाभर मी लेकाला चित्रांची कार्डं दाखवून घोकून घेत होते. सकाळी घर लख्ख केलं, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. मुलाखतच होती जणू. त्यांनी जमिनीवर ठोकळे मांडले, पुस्तक उघडलं, मग साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. दोनदा फुगे सोडले आणि झाकण घट्ट लावून बाटली त्याच्यापुढे ठेवली. लेकाने बाटलीकडे बघितलं, त्या बाईंचा हात धरला आणि उचलून झाकणावर नेऊन ठेवला. तोंडातून अक्षर नाही. बाई थांबल्या होत्या, त्याच्याकडे बघत. मला ती शांतता सोसवेना. मी मध्येच म्हणाले, 'तो उघड म्हणतोय.' तो काहीही म्हणत नव्हता.

मग मला प्रश्न विचारायला लागल्या. दोन शब्द जोडून बोलतो का? हो. उदाहरण? 'बाबा गेले.' आता खरं सांगते. तो एकदा बंद दाराकडे बघून 'बाबा' म्हणाला होता. 'गेले' मी म्हणाले होते.

अशी पाच-सहा उत्तरं मी वाढवून दिली. दोन आठवड्यांनी पत्र आलं: पात्र नाही, निर्णय मान्य नसेल तर दाद मागता येईल. मी लेकाला पास करून आणला होता! रात्री नवऱ्याने पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, 'तो गेले कधी म्हणाला गं?' त्यावर मी इतकी भांडले की आम्ही चार दिवस बोललो नाही. बोलत्या घराची गरज असलेल्या पोराच्या घरात.

पुन्हा फोन करायला मला चार महिने लागले. नियमाने नाही, लाजेने. दुसऱ्या खेपेला नवरा सुट्टी घेऊन शेजारी बसला. 'नाही', 'नाही', 'अजून नाही' असं मी पंधरा वेळा म्हणाले असेन. पोटात खड्डा पडतो गं, पण म्हणायचं. तिथे जितकं वाईट सांगावं तितकी मदत मिळते असं नाही, वाढवून तर मुळीच सांगू नकोस. आहे तेवढंच सांग. एम-चॅट नावाची ऑटिझमची प्रश्नावली डॉक्टरांकडे 18 आणि 24 महिन्यांना भरून घेतात, तिथेही हेच. ती फक्त चाळणी असते, निदान नव्हे.

साडेएकोणतीस महिन्यांचा असताना थेरपी लागली, आठवड्याला एक तास, घरीच. मला वाटलेलं, बाई येतील, पोराला शिकवतील, तेवढ्यात मी स्वयंपाक उरकीन. तर त्यांनी मलाच समोर बसवलं. आवडती गाडी दिसेल पण हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवायची, आणि तो मागेपर्यंत मनात दहा आकडे मोजायचे. बस, एवढंच. मी तीनच्या पुढे जातच नव्हते. तो हात पुढे करायच्या आत वस्तू माझ्या हातात हजर.

तिसऱ्या वाढदिवसाला बहुतेक ठिकाणी ईआय बंद. पुढची जबाबदारी तुमच्या भागातल्या शाळांच्या कार्यालयाची. तिथे पुन्हा तपासणी, पात्र ठरला तर आयईपी नावाची नवी योजना, आणि ती मात्र फुकट. ही बदली ठरवायची बैठक वाढदिवसाच्या निदान 90 दिवस आधी व्हायला हवी. आमची झाली. पण शाळेला रहिवासाचा पुरावा हवा होता, आणि भाडेकरार एकट्या नवऱ्याच्या नावावर. विजेचं बिलही त्याच्याच. मूल घेऊन रोज दारात उभी राहणारी बाई या पत्त्यावर राहते हे कागदावर कुठेच नव्हतं. घरमालकाचं नोटरी केलेलं पत्र आणा म्हणाले, तर घरमालक तीन आठवडे गावाला. करारावर दोघांची नावं घाल, आत्ताच सांगून ठेवते. त्यात लेकाचा वाढदिवस जुलैचा. वाढदिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत आला की मदत कधीपासून सुरू करायची ते आयईपीची मंडळी ठरवतात. आम्हाला सप्टेंबर दिला. ते दोन महिने अजून डोक्यातून जात नाहीत. आणि माझ्या लाजेपायी गेलेले चार?

एकटेपणाबद्दल विचारलंयस. होतो, सवय होते, त्यावर काय लिहायचं. आता वाटतं, त्या दोघी तीन महिन्यांतल्या पहिल्या पाहुण्या नसत्या, तर कदाचित मी इतकी छाप पाडायला गेले नसते. असो.

लेक आता दहा वर्षांचा आहे आणि गप्प बस म्हणावं लागतं. पण इंग्रजीत. 'थांबू' म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरांचं ऐकून मी काही महिने मराठी बंद केली होती. थेरपीच्या बाईंनी पुन्हा सुरू करायला लावली, तरी ती पहिल्यासारखी बसली नाही. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देतो. म्हणून इंग्रजी सुरू करायचं डोक्यातून काढ. तुला ज्या भाषेत चिडता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत बोल.

कोणत्या वयाला मुलाने काय करावं याच्या इथल्या यादीत 50 शब्द 30 महिन्यांना लिहिलेत, ते वाचून 'वेळ आहे' म्हणत बसू नकोस. दोन शब्द जोडणं दोन वर्षांनाच लिहिलंय.

निघायच्या आधी कानाची तपासणी करून घे, बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी चाचणी) सांगितली तर तीही, आणि रिपोर्ट सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेव. थेरपिस्ट मिळत असेल तर दोन महिने का होईना, सुरू कर. एक वही घाल. त्यात पाच शब्द लिही, तारखेसकट. शेजारच्या पानावर, काही हवं असलं की तो कोणाचा हात धरतो आणि कुठे नेऊन ठेवतो, ते लिही.