सोलापुरात सोसायटीचा बोअर आटलाय. बाथरूमचं पाणी त्यात सोडून पुनर्भरण करता येईल का?

नाही. कुठल्याही फिल्टरमधून नाही, 'फक्त अंघोळीचं' म्हणूनही नाही. आपल्याखाली काळा दगड आहे. पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून फिरतं. भेग काही गाळत नाही. तुम्ही सोडलेलं साबणाचं पाणी शेजारच्या बोअरमधून जवळपास तसंच वर येईल.

बोअरमध्ये सोडायचं ते फक्त गच्चीवरचं पावसाचं पाणी. वर्षाला ५५० मिमी पाऊस धरला, तर १,००० चौरस फूट गच्चीवरून ४०,००० लिटर सहज हाती लागतं. पण हे पाणी गाळून बोअरमध्ये सोडणारा खड्डा गवंड्याच्या मर्जीवर सोडला की काम फसलंच. केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपाभोवती) ६ बाय ६ फूट, ८ फूट खोल खणा. वरच्या काळ्या मातीच्या थराला विटांचं अस्तर हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात ती फुगून खड्ड्यात ढासळते. केसिंगला ४-५ मिमीची छिद्रं फक्त खड्ड्याच्या तळच्या ३ फुटांत पाडा आणि वर नायलॉनची जाळी दुहेरी गुंडाळा. तळाला ३ फूट मोठे दगड, त्यावर २ फूट २० मिमी खडी, मग जाळी अंथरून दीड फूट भरड वाळू. वरचा दीड फूट मोकळा. एवढ्या खड्ड्यात ४,००० लिटर मावतं, म्हणजे त्या गच्चीवरची ४० मिमीची सर. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस असाच एकदम कोसळतो. छिद्रं वरपर्यंत पाडली, तर पाणी वाळूला वळसा घालून गाळासकट आत जातं आणि भेगा कायमच्या बुजतात. पहिल्या पावसाचं २०० लिटर पाणी वळवून बाहेर काढा. वाळूचा वरचा २ इंच थर दर मे महिन्यात बदला.

सांडपाण्याचं म्हणाल, तर स्वयंपाकघराचं वेगळं ठेवा, त्यात तेलकट असतं. अंघोळ-धुण्याचं पाणी खडीच्या वाफ्यातून न्या: माणशी १ चौरस मीटर, ६० सेंमी खोल, वर कर्दळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहू द्या, उघडं साचलं की डास. बाहेर पडलेलं फ्लशला वापरा. कच्चं, म्हणजे वाफ्यातून न गेलेलं, पाणी टाकीत २४ तासांपेक्षा जास्त ठेवलंत तर जिन्यापर्यंत वास येईल. बागेला रोज तेच घालू नका. साबणातल्या सोडियमनं काळी माती घट्ट बसते, मग पाणी वरच तुंबतं.

आता बोअर-गाडीवाला म्हणेल, 'अजून दोनशे फूट मारा.' पाणाडीही नारळ घेऊन मान डोलावेल. फुटामागे पैसे मिळणाऱ्याकडून दुसरा सल्ला येणार तरी कुठला? खोल जावं तशा या दगडात भेगा सहसा विरळ होतात. तिथे पाणी लागलंच, तरी बऱ्याचदा ते वरच्या थरातलंच ओढलेलं असतं आणि शेजारची विहीर कोरडी पडते. सोसायट्यांची ही शर्यत मला निव्वळ मूर्खपणा वाटते. तेवढ्या पैशात गच्चीची पाइपलाइन आणि खड्डा दोन्ही होतात.

एक राहिलंच: सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजचा चेंबर १५ मीटरच्या आत असेल, तर हा खड्डा करूच नका. आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. नायट्रेट लिटरला ४५ मिग्रॅच्या वर किंवा ई-कोलाय (मैल्यातले जंतू) निघाला, तर सांडपाण्याची गळती कुठून होतेय ते शोधा. आसपास डाईंगचा (कापड रंगवण्याचा) कारखाना असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षारही बघा. आणि बोअर गाळानं बुजलेला असेल, तर आधी कॉम्प्रेसरनं फ्लशिंग करून घ्या, म्हणजे हवेच्या दाबानं गाळ बाहेर काढून घ्या, मगच खड्ड्याला हात लावा.