पोस्ट डिलीट केली, तरी गुगलवर माझं नाव का येतंय?

गेल्या वेळी मी सहज लिहून गेलो की महिन्यातून एकदा स्वतःचं नाव गुगल करून बघत जा, तर इनबॉक्स भरला की राव. निम्म्या लोकांनी बघितलं आणि घाबरले, उरलेल्यांनी बघितलं आणि काहीच आलं नाही म्हणून नाराज झाले. घाबरलेल्यांचे प्रश्न आधी घेतो.

प्रश्न (सातारा): दादा, माझं लग्न होऊन चार वर्षं झाली. माहेरच्या नावाने गुगल केलं की अजून फेसबुकच्या एका वधू-वर ग्रुपमधला माझा बायोडेटा येतो, बाबांच्या मोबाईल नंबरसकट. टाकला होता आत्याने. आता काय करू?

उत्तर: ताई, पहिलं काम म्हणजे आत्याला फोन. गंमत नाही करत. पोस्ट ज्याने टाकली तोच ती सरळ डिलीट करू शकतो, आणि आत्यांनी ती एकाच ग्रुपमध्ये टाकली असेल असं मला अजिबात वाटत नाही, तीन-चार ठिकाणी तरी असणार, तेव्हा सगळी यादी काढून घ्या. आत्यांना पासवर्ड आठवत नसेल (नसतोच) तर ग्रुपच्या ॲडमिनला मेसेज करा आणि तोही दाद देत नसेल तर फेसबुकला पोस्ट रिपोर्ट करा. ग्रुप पब्लिक आहे म्हणून हे झालं, पब्लिक ग्रुपमधलं बघायला मेंबर असावं लागत नाही, माणसालाही नाही आणि गुगललाही नाही.

मग गुगलकडे वेगळा अर्ज. फोन नंबर, घरचा पत्ता, बँक खात्याचा नंबर, सहीचा फोटो असलं काही रिझल्टमध्ये येत असेल तर ते काढा म्हणून मागणी करायचा त्यांचा फॉर्म आहे, फुकट आहे, वकील लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, त्याने गुगलमधला रिझल्ट जातो, मूळ पोस्ट जागच्या जागी राहते, आणि बिंगवर (मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन) परत वेगळं सांगावं लागतं. म्हणून आधी आत्या, मग गुगल.

आता जरा बायोडेटावर बोलू दे, कारण अशी पत्रं बरीच आलीत. एका पानावर आपण काय काय देतो बघा, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, पगार, पत्ता, भाऊ कुठे नोकरीला, आणि तळाशी मामाकुळ. आता जुन्या ईमेलला किंवा नेट बँकिंगला सिक्युरिटी क्वेश्चन काय असायचा आठवा. आईचं माहेरचं आडनाव! म्हणजे मामाचंच की ते. वर गणपतीचा फोटो लावून उत्तर आपणच चौकात चिकटवतो आणि वर म्हणतो अकाउंट हॅक कसं झालं. ज्यांचा बायोडेटा असा फिरलाय त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर आजच बदला, खरं उत्तर द्यायचं बंधन नसतं, मामाचं आडनाव विचारलं तर थालीपीठ लिहा, तुमच्या लक्षात राहिलं म्हणजे झालं. आणि आमचा बायोडेटा तर फोटो आहे, टाइप केलेला नाही, या भरवशावर राहू नका, गुगल लेन्स फोटोतली देवनागरी छान वाचतं.

प्रश्न (नांदेड): कॉलेजात असताना एका पब्लिक पेजवर टाकलेली पोस्ट मी पंधरा दिवसांपूर्वी डिलीट केली. लिंक उघडत नाही, पण गुगलमध्ये त्यातल्या दोन ओळी अजून दिसतात. मग डिलीट झाली की नाही?

उत्तर: झाली. तुम्ही जमीन विकलीत पण फेरफार लागला नाही, तर सातबाऱ्यावर जुनंच नाव दिसत राहतं ना, तसं आहे हे. गुगल तुम्ही सर्च केल्यावर त्या क्षणी इंटरनेट बघायला जात नाही, त्याचा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, आधीच पानं वाचून ठेवतो आणि सर्च त्या साठवलेल्या नोंदींत होतो. बॉट परत त्या पानावर येईल तेव्हा पान गेलेलं दिसेल आणि नोंद जाईल. वर्तमानपत्राच्या साइटवर तो दिवसातून कितीदा तरी येतो, तुमच्या जुन्या पोस्टकडे कधी येईल ते त्याची मर्जी.

वाट बघायची नसेल तर फेरफाराचा अर्ज करा. गुगलचं जुनी माहिती रिफ्रेश करायचं एक टूल आहे, साधं गुगल अकाउंट असलं तरी चालतं, पान तुमच्या मालकीचं असायची गरज नाही. लिंक टाकायची, पान पूर्ण गेलं असेल तर तसं सांगायचं, पान आहे पण मजकूर बदललाय तर असा एखादा शब्द द्यायचा जो गुगलच्या नोंदीत आहे पण आता पानावर नाही. फोटो असेल तर फोटोची लिंक वेगळी द्यावी लागते, इथे बरेच जण चुकतात. पान अजून जिवंत असेल आणि मजकूरही तसाच असेल तर मात्र या टूलचा काही उपयोग नाही.

पूर्वी रिझल्टशेजारी कॅश नावाची लिंक असायची, तिथे गेलेलं पान उघडायचं. ती सोय गुगलने २०२४ मध्ये बंद केली. पण वेबॅक मशीन नावाच्या, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर पान साठवलेलं असू शकतं, तेही एकदा बघा, काढून टाका म्हणून त्यांना मेल करता येतो.

प्रश्न (ठाणे): माझं प्रोफाइल लॉक आहे. तरी एका न्यूज चॅनलच्या पोस्टखाली मी केलेली कमेंट ऑफिसातल्या माणसाने स्क्रीनशॉट काढून फिरवली. लॉकचा फायदा काय मग?

उत्तर: लॉक तुमच्या घराला आहे, कमेंट तुम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर बसून केलीत. फेसबुकने हे प्रोफाइल लॉक २०२० मध्ये भारतात आणलं, त्याने तुमच्या भिंतीवरचं आणि अल्बममधलं झाकलं जातं, पण कमेंट कुणाला दिसणार हे मूळ पोस्ट कुणाला दिसते त्यावर ठरतं. चॅनलची पोस्ट पब्लिक, म्हणून तुमची कमेंट पब्लिक. कमेंट करण्याआधी पोस्टच्या वेळेशेजारी बघा, तिथे पृथ्वीचा गोळा असेल तर सगळ्या पृथ्वीला दिसणार एवढं समजून चाला.

मी स्वतः एका हॉटेलच्या पेजवर मिसळीच्या तर्रीवरून दोन दिवस भांडलो होतो आणि सात वर्षांनी एका इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी हसत विचारलं, अजून मिसळ खाता का. नोकरी मिळाली, पण घाम फुटला होता.

लगे हाथ दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये लोक तुम्हाला कसे शोधतात त्या भागात, फेसबुकबाहेरच्या सर्च इंजिनने प्रोफाइलची लिंक दाखवावी का, असा प्रश्न आहे, तिथे नाही करा. आणि जुन्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायचीही सोय आहे. दुसऱ्यांच्या पेजवरच्या कमेंटना मात्र यातलं काहीच लागू नाही, त्या एकेक करून शोधून काढाव्या लागतात, ॲक्टिव्हिटी लॉगमधून, म्हणजे तुम्ही फेसबुकवर काय काय केलंत त्याच्या यादीतून.

प्रश्न (रत्नागिरी): घरगुती पीठं आणि मसाल्यांसाठी इन्स्टावर बिझनेस अकाउंट आहे. मुलांचे फोटोपण त्यावरच आहेत. ते गुगलवर येतील का?

उत्तर: येऊ शकतात. १० जुलै २०२५ पासून प्रोफेशनल अकाउंट, म्हणजे बिझनेस आणि क्रिएटर दोन्ही, पब्लिक असेल आणि मालक अठरा वर्षांवरचा असेल तर त्यातले फोटो आणि व्हिडिओ गुगलसारख्या सर्च इंजिनला दाखवता येतात. अकाउंट प्रायव्हसीमध्ये त्याचं बटण आहे, बंद करता येतं. पण तुमच्या बाबतीत मी बंद करा म्हणणार नाही, रत्नागिरीत कुळथाचं पीठ शोधणाऱ्याला तुम्ही सापडायलाच पाहिजे. मुलांचे फोटो काढा तिथून, दुसरं प्रायव्हेट अकाउंट उघडा. आणि बायोमध्ये घराचा पूर्ण पत्ता असेल तर नुसतं गावाचं नाव ठेवा, कुरिअरवाल्याला फोनवर सांगता येतं की.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अनोळखी नंबर घुसतायत.

उत्तर: कुणीतरी जॉइन व्हायची लिंक उघड्यावर टाकलीये, एखाद्या पब्लिक पोस्टमध्ये नाहीतर कार्यक्रमाच्या बॅनरवर. २०२० च्या फेब्रुवारीत अशाच हजारो ग्रुपच्या लिंका गुगलमध्ये सापडल्या होत्या, लोकांनी त्या वेबसाइटींवर टाकल्या होत्या आणि बॉटने नेहमीसारख्या उचलल्या. व्हॉट्सॲपने नंतर त्या पानांवर नोंद घेऊ नका अशी खूण लावली, पण मूळ जागी पडलेली लिंक कुणीही दाबू शकतंच. ॲडमिनने ग्रुप इन्फोमध्ये जाऊन लिंक रिसेट करायची, जुनी लगेच मरते. नवीन मेंबर ॲडमिनच्या मंजुरीनेच यावेत हे बटणही चालू करा आणि घुसलेल्यांना हाकला. तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्यांचे नंबर बघितले असतील, त्याला आता इलाज नाही.

प्रश्न (डोंबिवली): माझा भाऊ म्युनिकला असतो, त्याने एक जुनी बातमी स्वतःच्या नावावरून गुगलमधून काढून घेतली. मला इथे बसून अजून दिसते. आणि आपल्याकडे असा हक्क आहे का?

उत्तर: तुम्हाला दिसणारच. युरोपात हा हक्क २०१४ पासून पक्का आहे, स्पेनच्या मारियो कोस्तेखा नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या जप्ती-लिलावाची १९९८ ची वर्तमानपत्रातली जाहिरात नाव शोधलं की येते म्हणून केस लढवली आणि युरोपच्या कोर्टाने गुगलला रिझल्ट काढायला लावला. तिथे वर्तमानपत्रातलं पान राहिलं, नावावरून जाणारी वाट फक्त बंद झाली. (त्या खटल्यापायी ती जाहिरात जगाला माहीत झाली हा भाग वेगळा.) मग २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की हे सगळ्या जगात लागू करायची सक्ती गुगलवर नाही. म्हणून म्युनिकात गायब, डोंबिवलीत हजर.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, नंतर २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पण सोशल मीडियावाल्यांनी त्यातलं कलम ३ वाचावंच. तुम्ही स्वतःहून जी माहिती जगजाहीर केलीत तिला हा कायदा लागू नाही, आणि कायद्यात उदाहरणच दिलंय की एखादी बाई आपली मतं लिहिताना स्वतःची माहिती सोशल मीडियावर उघड करते तर कायदा लागू होत नाही. म्हणजे स्वतः पब्लिक टाकलेल्याला हे कवच नाही, तिथे वर सांगितलेली हमालीच करावी लागते.

प्रश्न (नागपूर): इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) पोस्ट टाकली तर नाव येणार नाही ना?

उत्तर: येणार. लॉगिन तुमच्याच नावाने केलंत ना? इन्कॉग्निटो उलट्या कामाला वापरा, लॉगआउट झालेल्या परक्या माणसाला तुम्ही कसे दिसता ते बघायला. त्यात नाव अवतरणचिन्हात टाकून शोधा, एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत, आणि आडनावाचं स्पेलिंग लोक जितक्या प्रकारे चुकवतात तितक्या प्रकारे.